कोणताही संबंध नाही

"हे संतुलन कुठे आलं हो?"

लिफ्टमध्ये तिच्या खांद्यावरून फाईलकडे बघत कुणीतरी विचारलं. फाईलवर लिहिलं होतं : 'परिषद – संतुलनापासून दूर असलेले जटिल पदार्थ'.

"ते गाव नाहीये," ती म्हणाली.

"हात्तिच्या! मी आपला प्रवासखर्च धरत होतो."

तिला हसू फुटलं... आणि तिसऱ्या मजल्यावर ते मावळलं. परिषदांना अनुदान देणाऱ्या विभागात, अधिकाऱ्याच्या खुर्चीत तोच जाऊन बसला.

"मी वाणिज्य शाखेचा," तो म्हणाला. "सोपं करून सांगा."

तिने त्याच्या कॉफीकडे बोट दाखवलं. "हा फेस बघा. धड द्रव नाही, धड घन नाही. आतल्या आत सारखा बदलतोय, थाऱ्यावर काही येत नाही. असे पदार्थ."

"म्हणजे माणसांसारखे?"

"माणसांतलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. कान उगाचच तापले.

त्यानंतर शंका संपेनात. दर दोन दिवसांनी त्याचा फोन. वाळूचा ढीग एकाएकी का घसरतो? टूथपेस्ट दाबल्याशिवाय का वाहत नाही? शंका फाईलच्या, की... त्याच्या? हा गुंता तिने धाकट्या बहिणीपुढे टाकला.

"ताई, टूथपेस्टवर कुणी तासभर बोलतं का गं?"

"जिज्ञासू असेल!"

"हो, हो. जिज्ञासूच!"

शुक्रवार मंजुरीचा शेवटचा दिवस. अनुदान नाही, तर परिषद नाही. तीन वर्षं तिने याचसाठी जिवाचं रान केलं होतं. आणि गुरुवारी कळलं, त्याने फाईल अर्ध्यावरच सोडली. ती आता त्याच्या वरिष्ठ बाईंकडे होती.

ती तडक त्याच्या टेबलाशी पोचली. "माझं काय चुकलं? इतकं गोड बोलून ऐन वेळी हात वर केलेत?"

"बाईंनी आत्ताच सही केली. परिषद होतेय."

तिचा राग अर्ध्यावर अडखळला. "मग... फाईल सोडलीत कशाला?"

त्याने एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. तळाशी छापलं होतं : 'अर्जदाराशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही.' त्याखाली अधिकाऱ्याच्या सहीची जागा.

"आठ वर्षं न वाचता सही ठोकतोय," तो म्हणाला. "या वेळी हातच उचलेना. खोटं कसं लिहू?"

"पण आपला संबंध... आहे कुठे?"

"तेच विचारायचं होतं. आहे?"

पुराव्याशिवाय ती कधी होकार देत नसे. तिने खुर्ची ओढली, बसली, फॉर्म पुन्हा एकदा वाचला.

"आहे वाटतं," ती म्हणाली. "म्हणजे... आहेच."