आक्काच्या वाट्याचे तास

लाईट गेली तर जाऊ दे. इन्व्हर्टर लावू नका, उजेडाला डास येतात. कुमार, तो मोबाईल खाली ठेव आता. दुपारपासून ऐकतोय तुझं गणित. मुंबई ते कोची एक तिकीट, कोची ते शारजा दुसरं, दोन्ही वेगवेगळी काढलेली, आणि मध्ये दोन तास. ‘काका, दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी.’ हसू नको रुचिका, तुझा भाऊ खरंच असं बोलला.

मग मेघालीचं ऐक. दापोड्याच्या बायजाबाईची मेघाली. मी काही मनचं सांगत नाही. अर्धं तिनं स्वतः सांगितलंय, अर्धं तिची गाडी चालवणाऱ्या ताबिशनं, आणि ताबिश थापा मारणाऱ्यातला नाही.

गेल्या वर्षीची आषाढ अमावास्या. अमावास्या गुरुवारी होती. गुरुवारी बरेच जण खात-पीत नाहीत, म्हणून सगळ्यांनी गटारी बुधवारीच उरकली. त्याच बुधवारी रात्री मेघालीला विमानतळावर सोडायचं होतं. काम एवढंच.

पोरगी नर्स. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली. दोन वर्षं ती भाषा शिकत होती. ड्युटीवरून यायची आणि भिंतीकडं तोंड करून एकटीच बडबडायची. शेजारी म्हणायचे, हिला बाधा झाली. नेणाऱ्या कंपनीनं तिकीट दिलं, पण ते दिल्लीपासूनचं, गुरुवारी दुपारचं. त्या विमानात बसली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. दिल्लीपर्यंत कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

ते बघितलं तिच्या भावानं, भूपेशनं. भूपेश दापोड्याच्या गोदामात माल चढवून घेतो. नाशिकची गाडी आली की तिच्यातले खोके तिथल्या तिथं पुण्याच्या गाडीत जातात, मालकाला यावं लागत नाही. भूपेशनं विमानालाही तेच लावलं. अकराला दिल्लीला पोचणारं विमान, एकला पुढचं.

"बॅग त्यांची ते बदलतील," बोलला, "तू फक्त चालत जा."

"दादूस, मी काय खोका हाय?" मेघाली बोलली. "तुझ्या गोदामात दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या. इथं दोन कंपन्यांना एकमेकींचं काही पडलेलं न्हाय. बॅग मलाच पट्ट्यावरून उचलायची हाय. बाहेर यायचं, दुसऱ्या काउंटरला परत द्यायची. तो काउंटर तासभर आधी बंद होतो. वर पासपोर्टची रांग. तुझं विमान लेट झालं तर पुढचं थांबनार न्हाय, आनि पैसे पन कोनी परत देनार न्हाय."

तिनं स्वतःच्या पगारातून तिकीट बदललं. पहाटे पाचचं विमान घेतलं. आणि घरातून रात्री दहाला निघणार म्हणाली.

घरात बोंबाबोंब. अमावास्या लागायची रात्र. आणि वाटेत आक्काचा ओटा.

तुम्ही आजकालची पोरं, तुम्हाला आक्का कुठली माहीत असणार. कशेळीच्या खाडीच्या अलीकडं, गोदामांची रांग संपते तिथं एक दगडी ओटा आहे. ही आक्का माझ्या आजीच्या वेळची. तिचं माहेर खाडीपलीकडं. निरोप आला की आई शेवटच्या घटका मोजतेय. हिनं आईसाठी दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि निघाली. उंबरा ओलांडला, मागून सासूची हाक. अगं, गुरांना पाणी दाखवून जा. आपल्याकडची रीत माहीत आहे ना? मागून हाक आली की परत यायचं, टेकायचं, पाणी प्यायचं, मगच निघायचं. ती परत आली. टेकली. पाणी प्याली. निघाली, तर नणंदेची हाक. मग दिराची. दिवसभर बिचारी बसली आणि उठली. ओट्यापाशी पोचली तेव्हा शेवटची होडी गेलेली. तिथंच बसून राहिली. सकाळी बसल्याजागी मेलेली सापडली, मांडीवर भाकऱ्या तशाच. आईही त्याच रात्री गेली.

तेव्हापासून ती कुणाला मारत नाही, झाडाला टांगत नाही. फक्त हाक मारते. तुमच्याच माणसाच्या आवाजात. तुम्ही रीत म्हणून ओट्यावर टेकता, जरासं. उठता तेव्हा तास गेलेले असतात. आपल्या देवेशची परीक्षा अशीच बुडाली. आणि चंद्राच्या बापाला दवाखान्यात नेत होते तेव्हा... जाऊ दे. ते नको.

म्हणून दर अमावास्येला एकेका घरानं तिच्या ओट्यावर दोन भाकऱ्या ठेवायच्या, फडक्यात बांधून. सकाळी त्या तशाच असतात. कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. त्या बुधवारी पाळी बायजाबाईची होती. तिनं तांदळाच्या दोन भाकऱ्या थापल्या, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडला, लाल काठाचा, आणि दिवेलागणीला ठेवून आली.

"बाय माझी, उद्या सकाळी निघ की गं," ती रडकुंडीला आलेली.

"आई, सगळा हिशोब धरलाय. दोन तास रस्त्याला, एक तास खड्ड्यांना, बाकीचे आक्काला. खाऊ दे तिला किती खायचेत ते. मी जास्तीचेच घेतलेत."

असं बोलायला छाती लागते, पोरांनो. मला तर ऐकूनच बरं वाटलं. आयुष्यभर आम्ही आक्काला भाकऱ्या दिल्या. तास द्यायचं कुणाला सुचलं नाही.

गटारी म्हटल्यावर गावात गाडी चालवायच्या शुद्धीत कोणी नव्हतं. भूपेश खाटेवर आडवा. माझं विचारू नका. शेवटी भिवंडीहून ताबिशला बोलावलं. नूरीभाभीचा मुलगा, टुरिस्ट गाडी चालवतो, प्यायचा प्रश्नच नाही.

दहाला निघाले. पाऊस नव्हता. रस्त्यात नुसते ट्रेलर, एकामागे एक. ओट्याच्या जवळ आले आणि रांग थांबली. ते रोजचंच. ताबिशनं काच खाली केली.

मग हॉर्न बंद झाले. एकदम सगळे.

बेडूक बंद झाले.

गाडी आपोआप बंद पडली.

"मेघे..."

आवाज बायजाबाईचा. अगदी तोच. शेवटाला जरा चिरका.

"मेघे... बस गं जरा... पाणी पिऊन जा..."

ताबिशला मात्र वेगळंच ऐकू आलं. ‘ताबिश, खाना खाके जा बेटा.’ आणि नूरीभाभी तर भिवंडीत झोपलेली. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. मेघालीनं मागून त्याचा खांदा धरला.

"भाई, उतरू नको. वो तुम्हारी अम्मी नहीं है."

"दीदी, मगर आवाज तो..."

"मालूम हाय. तू बस. माझी हाक हाय, मी बघते."

आणि ती उतरली.

ओट्यावर कोणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं. पदर डोक्यावर. बाजूला हिरव्या फडक्याचं गाठोडं. मेघाली चिखलातून चालत गेली. अगदी समोर. पाय म्हणत होते, टेक. लहानपणापासूनची सवय ती. गुडघे आपोआप वाकायला लागले, असं तिनंच मला सांगितलं.

ती टेकली नाही.

"आक्का, मी बसनार न्हाय," ती बोलली. ताबिशला गाडीत ऐकू आलं इतक्या मोठ्यानं. "लय वेळा बसले. मुंबईच्या कॉलेजला निघाले, मावशीनं हाक मारली. बसले. पुन्याला नोकरी लागली, आत्यानं हाक मारली. बसले, पानी प्याले, घरीच राहिले. आता न्हाय. तुझे तास घरूनच आनलेत मी. हे घे. खा. पन मी उभी राहनार."

नुसता काळोख.

"तुला कोनी जाऊ दिलं न्हाय, ते मला माहीत हाय. मला राग येतो त्याचा. पन मग तू दुसऱ्यांना कशाला अडवतेस? तूच चल की. चल माझ्यासंगं."

...

पदर हलला.

...

मान वळायला लागली. हळू. ताबिशनं डोळे मिटले. अल्लाचं नाव घेतलं. पुढचं त्याला माहीत नाही.

मेघालीला माहीत आहे. ती सांगत नाही.

धाडकन काचेवर थाप पडली. मागच्या ट्रेलरवाला शिव्या घालत उभा. "ओ भाई, सो गया क्या?" हॉर्न चालू. बेडूक चालू. मेघाली मागच्या सीटवर बसलेली, घोट्यापर्यंत चिखल. ओटा रिकामा. ताबिशनं घड्याळ बघितलं. दीड वाजला होता.

दीड! दहाला निघालेली गाडी. दुसरं कोणी असतं तर तिथंच रडत बसलं असतं. मेघाली बोलली, "चल. अजून वेळ हाय आपला." आणि होताच. खड्ड्यांचा तास होता, रस्त्याचा होता. विमानतळावर पोचली, बॅग दिली. एकच बॅग, ध्यानात ठेव. पाचच्या विमानात बसली.

आणि भूपेशनं काढलेलं विमान? पावसानं ते मुंबईतच अडकलं. दिल्लीला उतरलं तेव्हा तिचा काउंटर बंद झालेला होता. त्यातून गेली असती तर आक्काची गरजच नव्हती.

दिल्लीला ती पट्ट्यापाशी उभी राहिली. भूपेशचं ऐकलं असतं तर तिथं थांबलीही नसती, सरळ चालत गेली असती. बॅग आली. तिनं उचलली. वळणार, तर मागून अजून काहीतरी येत होतं...

हिरवं गाठोडं. लाल काठाचं. गाठ बायजाबाईच्या हातची. गाठीत विमान कंपनीची पट्टी अडकवलेली, आणि पट्टीवर नाव मेघालीचं.

उघडलं. दोन भाकऱ्या. गरम.

मी फोनवर विचारलं, "मग काय केलंस गं? फेकलीस ना?" तर म्हणते, "फेकू कशाला काका? माझ्या आईच्या हातची भाकर. वेळही भरपूर होता. खुर्चीवर मांडी घालून बसले आनि खाल्ली. या खेपेला माझ्या मर्जीनं बसले."

"दोन्ही?"

"एक मी."

"आणि दुसरी?"

...

मग म्हणाली, "काका, शेजारची खुर्ची रिकामी न्हवती." आणि फोन ठेवला.

त्या रात्रीपासून ओट्यावर कोणाला हाक आलेली नाही. मेघाली पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा ते फडकं घेऊन आली. बायजाबाई घरात ठेवायला तयार होईना. म्हणाली, लडकूभाऊ, तुम्हाला भीती वाटत नाही, तुम्ही ठेवा. बरोबर आहे. मी कशाला भिऊ? मी धुतलं, वाळवलं, तुझ्या मागच्या खुंटीला टांगलं. पट्टी अजून आहे त्याला. कधीपासून तिथंच आहे.

कुमार, ऊठ. बॅटरी नको. नुसता हात लाव.

...

काय झालं? हात का काढलास?

... रुचिका, तू बघ.

...

"काका..."

हं, बोल.

"काका, गरम हाय."