वरून आलेला ठोका

ही गोष्ट खरी आहे.

पटवून द्यायला हातात काही नाही. तरीही खरी आहे.

आणि ती रात्री घडलेली नाही. एप्रिल २०२४, रविवार, दुपारचे सव्वातीन. खारबावच्या आतल्या अंगाला डोंगरात एक अरुंद दरी आहे, तिथली बंद पडलेली दगडखदान. तनया तिथे गेली होती, आणि तिथे जे झालं ते तिने आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे.

पण सुरुवात दोन महिने आधीची. एका साध्या बुधवारची.

तनयाचे वडील शाळेत कारकून होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, तीसुद्धा. निवृत्तीनंतर त्यांना एकच वेड उरलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या दरीत एक विमान पडलं होतं. गावकऱ्यांनी पत्रा नेला, त्याची झाकणं केली, पन्हळी केल्या. पुढे तिथे खदान आली. अर्धा डोंगर गेला, खदानही बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं. उरलेले तुकडे तात्या वीस वर्षं शोधत होते. सोबतीला एकच माणूस, दौलत. पूर्वी त्याच खदानीत सुरुंग लावायचा, आता दापोड्याला गोदामावर वॉचमन होता.

त्या बुधवारी संध्याकाळी तो चहाला आला होता.

"तात्या, तुमचा इमान आता पान्यात गेला. मासं बसतात त्याच्यात, तिकीट काढून."

"मग तू कंडक्टर हो," तात्या म्हणाले. "नाहीतरी गोदामावर झोपाच काढतोस."

तनया कॉलेजचे पेपर तपासत बसली होती. तीही हसली. लहानपणापासून तात्यांनी तिला हवं ते पुस्तक आणून दिलं, पण दरीत एकदाही नेलं नाही. "तिथे तुझं काय काम?" म्हणायचे. तिनेही कधी हट्ट धरला नाही.

गुरुवारी सकाळी ती उठायच्या आत तात्या निघून गेले होते.

शनिवारी ते खदानीच्या पाण्यात सापडले.

दौलत चितेपाशी ढसाढसा रडला. "त्या दिशी माझी डबल ड्युटी व्हती, पोरी. मी असतो तर त्यांना एकटं उतरू दिलं असतं का?"

तनयाने उलट त्यालाच धीर दिला.

एप्रिलमध्ये ती दौलतच्या घरी गेली, तात्यांची विमानाच्या तुकड्यांची गोणी आणायला. दौलत आंघोळीला गेला होता. त्याची बायको राहीबाई चुलीशी बसली होती. बोलता बोलता तिने डोळ्यांना पदर लावला.

"त्या दिशी दोघांची भाकर मीच बांधली. सुकटीची चटनी दिली व्हती. तात्यांना आवडायची ना."

दोघांची.

आपण काय बोलून गेलो, हे राहीबाईच्या ध्यानातही आलं नाही. दौलत बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "काका, मला ती जागा दाखवा."

खदानीच्या कड्यावर एक सपाट खडक आहे. दौलत नेहमीसारखा त्यावर बसला. खाली पायऱ्यांसारखे कापलेले टप्पे, आणि त्यांच्या तळाशी हिरवं, मुकं पाणी.

खदानीत हाक मारत नाहीत. चारही भिंती हाक फिरवतात, माणूस कुठे आहे ते कळत नाही. म्हणून खाली उतरलेला दगडावर दोन ठोके देतो. वर आहेस ना? वरचा एक ठोका देतो. आहे. तो आल्याशिवाय खालच्याने पुढचा टप्पा उतरायचा नाही, आणि वरच्याने जागा सोडायची नाही. दौलतनेच हे तात्यांना शिकवलं होतं. आता तेच तो तनयाला समजावून सांगत होता.

तिने त्याला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "भाकरी दोघांची होती, काका."

दौलतने मान खाली घातली.

"सुपरवायजरचा फोन आला. म्हनला, आत्ताच्या आत्ता ये, न्हायतर उद्यापासून येऊ नको. मी वाटंला लागलो. तात्यांना सांगाया खाली उतरलो न्हाय."

"किती वेळ लागला असता?"

"धा मिन्टं."

तनयाला वाटलं, संपलं. याहून वाईट ऐकायचं काही उरलं नाही.

"वळनावर पोचलो आनि तात्यांचं दोन ठोकं ऐकू आलं. मी थांबलो. म्हनलं, मागं फिरावं... तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?"

"वरनं ठोका गेला. एक. मी बसायचो तिथनंच."

"कोणी दिला?"

"म्हनलं, असंल कोन गुराखी." त्याने बसल्या खडकावरून हात फिरवला. "मला तसं वाटून घ्यायचं व्हतं, पोरी."

आणि नेमक्या त्याच वेळी...

ठक्. ठक्.

खालून.

दौलतचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला. तिच्याकडे न बघता चालू लागला, मग पळत सुटला. एक चप्पल मागे राहिली, तिच्यासाठीही तो वळला नाही.

तीच जागा त्याने दुसऱ्यांदा सोडली होती.

तनया उभी राहिली. पाणी स्थिर. टप्प्यांवर कोणी नाही. उन्हाने दगड तडकतो, हे तिने वाचलं होतं. ती स्वतःला तेच सांगत होती...

ठक्. ठक्.

तिने पायाशी पडलेला एक दगड उचलला. उत्तर द्यायचं की नाही, हे अजून ठरलं नव्हतं.

त्याआधीच...

ठक्.

एकच. तिच्या डावीकडून, हाताच्या अंतरावरून. दौलत उठून गेला त्या खडकावरून.

तिथे कोणी नव्हतं. खडकावरची धूळ मात्र जराशी उडाली होती.

प्रतिध्वनी असता, तर दोन आले असते.

खाली खडी घसरली. कोणीतरी एक टप्पा उतरलं होतं. सावकाश, भरवशाने.

पुन्हा दोन ठोके, आधीपेक्षा खालून.

पुन्हा शेजारून एक.

पुन्हा खडीचा आवाज.

तनयाच्या लक्षात आलं. तात्या असेच उतरत गेले होते. नियम मोडून नाही, अगदी नियमाने. दर टप्प्यावर विचारत होते. आणि दर टप्प्यावर त्यांना सांगितलं जात होतं... आहे.

शेवटचा टप्पा पाण्याखाली होता.

खदानीत हाक मारत नाहीत. ती ओरडली.

"तात्या, थांबा! वर कोणी नाही! दौलत गेला! तो ठोका त्याचा नाही!"

चारही भिंतींनी तिची हाक फिरवली. नाही... नाही... नाही...

मग सगळं शांत झालं. पाण्याच्या कडेला एक वलय उठलं आणि विरलं.

किती वेळ गेला कोण जाणे.

ठक्... ठक्.

या वेळी फार हळू. या वेळी शेजारून काहीच उत्तर आलं नाही. कोणीतरी श्वास रोखून तिचं काय होतं ते बघत असावं, तसं.

खालचे ते ठोके तात्यांचेच होते का, हे तिला आजही माहीत नाही. सांगताना ती इथे थांबते आणि उगाच डावीकडे बघते.

त्या दुपारी मात्र तिने हातातला दगड खाली ठेवला; ठोका दिला असता, तर खालचं पाऊल आणखी एक टप्पा उतरलं असतं. कड्याच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली. आणि अदबीने, जणू वडील समोरच बसले आहेत अशा आवाजात म्हणाली,

"मी आहे, तात्या. मला पहिल्या दिवसापासून तुमच्याबरोबर यायचं होतं."