उघडा तळवा

भाचीने नारिंगी जाकीट स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीला अडकवलं. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि ती काहीच धूत नव्हती. जाकिटाच्या चमकत्या पट्ट्यांवर खिडकीतला उजेड थबकला होता. तो पाहूनही मला काही वाटलं नाही. भाऊजी गेल्यापासून गोष्टी दिसत होत्या, ऐकू येत होत्या, पण आत पोचत नव्हत्या, बंद घराच्या दाराशी साचत जाणाऱ्या वर्तमानपत्रांसारख्या.

“बाबांच्या जागेवर घेतलंय मला,” भाची म्हणाली. “मामाच्या मागे उभी राहणार. ऊन खायचं काम आहे आई, डोंगर नाही फोडायचा.”

ताईने नळ बंद केला. “तू त्याच्या पाठीवर हात ठेवशील. तुझ्या पाठीवर कोण ठेवणार?”

प्रश्न लेकीला होता, नजर माझ्यावर.

“मी आहे ना,” मी म्हणालो. ते खोटं होतं, आणि ताईला ते ठाऊक होतं. आमच्या कामाची रीतच तशी नाही.

महामार्गाकडेचा लोखंडी कठडा गाडी आदळून वाकला, की त्याची पट्टी उतरवून नवी बसवायची, हे आमचं काम. बोल्ट आवळणाऱ्याला वाहतुकीकडे पाठ करावीच लागते. म्हणून त्याच्यामागे राखणदार असतो. तोंड रस्त्याकडे आणि एक हात मागे नेऊन कामगाराच्या पाठीवर टेकवलेला. हात स्थिर आहे तोवर काम करायचं. दोन थापा बसल्या, की विचारायचं नाही, मागे पाहायचं नाही, कठड्यापलीकडे उडी घ्यायची. हात नुसताच निघाला, तर राखण संपली असं समजून पाना खाली ठेवायचा.

भाऊजींनी वर्षानुवर्षं माझी पाठ राखली, तीही उघड्या तळव्याने. हातमोज्यातून माणूस कळत नाही, म्हणायचे. त्या दिवशी मला दोन थापा बसल्या आणि मी उडी घेतली. मला थापा मारण्यात त्यांची उडी राहून गेली. राखणदाराच्या पाठीवर कोणाचाच हात नसतो.

भाची कामात चोख निघाली. तोंडानेही.

“शंकू दिसतात, फलक दिसतो, तरी हे गाडीवाले कानाला घासून जातात,” ती रस्त्याकडे पाहत म्हणायची. “यांच्यावाचून तिकडे जणू सूर्य उगवायचा थांबलाय. अरे बाबांनो, जरा हळू व्हा, एक पट्टा सोडून जा. एवढंच मागणं आहे, जमीन नाही मागत तुमची.”

पहिल्याच दुपारी माझ्या लक्षात आलं, की पाठीवरचा हात गरम आहे. पाचही बोटं वेगवेगळी कळत होती.

“हातमोजा घाल,” मी म्हणालो.

“घातलाय की.” तिने वळून दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर नाचवले. जाड, रबरी, काळे.

पाठीवरचा हात तसाच होता.

मी पुन्हा खाली वाकलो. जाकिटाची शिवण असेल, घाम असेल, इतक्या वर्षांची सवय कातडीत मुरली असेल. कापलेल्या बोटालाही खाज सुटते म्हणतात. मी या कारणांची उतरंड नीट रचली आणि तिच्याआड शांतपणे काम करू लागलो. भीती वाटली नाही. दिलासाही नाही. ताईला मात्र हे सांगितलं नाही.

एका सकाळी गाड्या येतात त्या बाजूला, आमच्या फलकांच्याही बरंच पलीकडे, एक निळी गाडी बंद पडली. म्हातारा चालक उतरून, रस्त्याच्या बाजूचा दरवाजा सताड उघडा टाकून, तिथेच उभा राहिला होता.

“आजोबांना कठड्यापलीकडे घालवून येते,” भाची म्हणाली. “मामा, हात काढतेय.”

अशा वेळी पाना खाली ठेवायचा असतो. उठून रस्त्याकडे पाहायचं असतं. मी तसं केलं नाही, कारण हात निघाला नव्हता.

तिच्या बुटांचा आवाज खडीवरून दूर गेला. मी आवळत राहिलो.

मग हात उचलला गेला. पाठीवर तळव्याएवढी जागा गार पडली.

मी उठलो. दूरवर भाची म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला समजावत होती. तिची पाठ रस्त्याकडे होती. मागून एक पांढरी गाडी सरळ येत होती, वेग कमी न करता.

मी ओरडलो असेन. ऐकू आलं नाही.

भाची एकाएकी पुढे झुकली आणि म्हाताऱ्यासकट कठड्यापलीकडे कोसळली.

पांढरी गाडी निळ्या गाडीचा दरवाजा घेऊन गेली.

मी पोचलो तेव्हा म्हातारा गवतात बसून चष्मा शोधत होता. भाची कोपर झटकत उभी राहिली.

“दुसरी थाप जरा जोरात बसली तुझी,” ती म्हणाली. मग हसण्याचा प्रयत्न करत, “आता हात काढ ना मामा. पडत नाही मी.”

मी तिच्या समोर उभा होतो. पाना माझ्या दोन्ही हातांत होता. तो मी थोडा वर उचलला, तिला दिसेल इतका.

ती त्या हातांकडे पाहत राहिली. मागे मात्र तिने पाहिलं नाही.

“कसा आहे?” मी विचारलं. “मोज्यातला, की उघडा?”

तिने निळ्या गाडीतला धोक्याचा त्रिकोण काढला, न उघडता तसाच काखेत धरला आणि तो दूर मागे लावायला कठड्याकडेने निघाली. किंचित पुढे झुकून, पावलं मोजल्यासारखी टाकत. पार वळणापाशी पोचली तरी तिने मान वळवली नाही. तिथून येणाऱ्या गाड्यांना अजून कसलीच खूण दिसत नव्हती. तरी एकेक गाडी लांबूनच हळू होत होती, आणि दोन माणसं चालत असावीत इतकी जागा सोडून जात होती.