खोली नऊ

रालित्सा दुपारच्या बसने सोफियाहून डोंगरातल्या त्या इस्पितळात पोचली, तेव्हा धुकं खिडक्यांना येऊन चिकटलं होतं. काम तसं किरकोळ होतं. रिपोर्ट दाखवणारी इस्पितळाची वेबसाइट तिनेच जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिली होती, आणि कालपासून लॉग-इन केलं की रिपोर्टाऐवजी भलतंच पान उघडत होतं.

"कोरं पान येतं गं," त्सोन्का नर्स म्हणाली. तिची तीस वर्षं इथेच गेली होती. "सकाळी एका पोरीचं ऑपरेशन आहे. रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावायचे नाहीत. आणि लॅबवाले सोमवारपर्यंत सुट्टीवर."

नोंदणीच्या खोलीत फिनेलचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. रालित्साने लॉग-इन केलं. कोरं पान. वरच्या पत्त्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'पूर्व/खोली-९'.

"हे काय आहे, त्सोन्कामावशी?"

"पूर्वेकडची इमारत. बारा वर्षं कुलूप आहे तिला."

रालित्साने ब्राउझरची साठवण पुसली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं. सगळा कोड चाळला, सर्व्हरची मांडणी तपासली. पान तिकडे वळवणारी एकही ओळ सापडेना. मग तिने कोडमध्ये एक ओळ घातली : पान कोण वळवतंय, त्याची दर वेळी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नोंद व्हावी. सर्व्हर पुन्हा सुरू केला.

पान कोरंच. पत्ता मात्र बदलला होता. 'पूर्व/व्हरांडा'.

तिने पुन्हा लॉग-इन केलं. 'पूर्व/जिना'.

"मावशी... कोणीतरी चाललंय," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिच्याच अंगावर काटा आला.

त्सोन्काने चष्मा लावून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"नऊमध्ये स्तामेनकाका होते," ती हळूच म्हणाली. "छातीचं दुखणं. रोज विचारायचे, रिपोर्ट आला का, बाई? ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. मी तो... कोणाला वाचून दाखवणार?"

रालित्साने पुन्हा लॉग-इन केलं. 'तळमजला'.

हिवाळ्याचे दिवस, साडेचारलाच बाहेर काळोख पडला होता. हीटरच्या नळ्या टकटकत होत्या. त्या थांबल्या, तेव्हा दोघींना दुसरा आवाज ऐकू आला. चपला घासत, दर चार पावलांनी दम खात कोणीतरी येत होतं.

"बंद कर ते!"

"बंद केलं तर त्या मुलीचा रिपोर्ट..." रालित्साने पुन्हा लॉग-इनची कळ दाबली.

'नोंदणी-खोली/दार'.

पावलं थांबली. दाराच्या काचेवर बाहेरून वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

त्सोन्का उठली. दारापर्यंत गेली, पण कडीला हात लावला नाही.

"स्तामेनकाका," ती बोलली, "रिपोर्ट आला हो. चांगला आहे. काळजीचं काही नाही. पडा आता जाऊन."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग काचेवरची वाफ विरली, ती परत धरली नाही.

रालित्साने लॉग-इन केलं. मुलीचा रिपोर्ट समोर आला, रक्तगटासकट. त्सोन्का तो छापून घेऊन डॉक्टरांकडे जायला निघाली. जाताना ती रडत होती की हसत होती, कळलं नाही.

निघण्याआधी रालित्साने लॉग उघडला. पान वळवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, नुसते क्रमांक होते. एक नाही, दोन. आलटून पालटून, जोडीने आलेले. पहिल्याची शेवटची नोंद दाराशी थांबली होती. दुसऱ्याची त्यानंतरही होती.

'नोंदणी-खोली/आत'.

"मावशी," तिने मागे न पाहता हाक मारली, "नऊमध्ये... खाटा किती होत्या?"

"दोन," बोळातून त्सोन्काचा आवाज आला. "का गं?"