दार करायचं राहिलेली खोली

संपादकबाई, लेख का आला नाही हे विचारायला तुम्ही एवढे जिने चढून आलात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसा. त्या खुर्चीत नको, इकडे खाटेवर बसा. दिवा जवळ ओढतो. आणि एक विनंती, आवाज जरा खालीच असू द्या.

विषय तुम्हीच दिला होता. पडद्यावर आपला फक्त हात आणि बंदूक दिसते ते जुने शूटर गेम चांगले, की त्यांच्याच सामानातून चाहत्यांनी घरी बसून रचलेले मॉड? मला वाटलं, हा तर हातचा मळ. जन्म गेलाय त्यात.

निम्मा लेख झालाही होता. जुन्या खेळांचे नकाशे, म्हणजे आपण ज्यांतून फिरतो त्या खोल्यांची रचना, शिस्तीचे. चावी आधी खिडकीतून दाखवतात, मग फिरवून फिरवून तिच्यापर्यंत नेतात. पाठ करून उभा असलेला शत्रू मोठा आवाज ऐकेपर्यंत वळत नाही. सगळं कसं रोखठोक. मॉडवाल्याला मात्र हात आवरत नाही. एकेका खोलीत राक्षसांची खोगीरभरती, भिंतीवर जागा दिसली की नक्षी. मी त्यांना चांगलंच झोडपलं होतं.

दादाचं म्हणणं उलटं असायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. याच खोलीत, त्या खुर्चीत बसून तो मॉड करायचा. "कंपनीचा नकाशा सगळ्यांसाठी असतो रे," तो म्हणायचा, "मॉड कुणा एकासाठी असतो." पण जुन्यांचा एक नियम त्यानं कधी मोडला नाही. खिडकीतून जी खोली दाखवली, तिच्यात पोचता आलंच पाहिजे. नाहीतर ती फसवणूक.

दादा दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. आईबाबा त्याच्या आधीच गेले होते. तेव्हापासून या घरात मी बोलतो आणि मीच ऐकतो. भांडं पडलं तरी बरं वाटतं, बाई, इतकी शांतता असते.

लेखासाठी नमुने हवे होते म्हणून आजोबांना फोन केला. ते कुणाचे आजोबा नव्हेत. आमच्या मॉडवाल्यांच्या गटातले सगळ्यांत जुने खेळाडू, म्हणून ते नाव.

"तुझ्या दादाचं एक अर्धवट काम पडलंय माझ्याकडे," ते म्हणाले. "पाठवू का?"

"पाठवा ना. विचारताय काय?"

"एकटाच असतोस ना घरी... म्हणून विचारलं."

दिवेलागणीला फाइल उघडली, तर समोर आमचंच घर. नवशिका मॉडवाला हमखास पहिल्यांदा स्वतःचं घर करतो. दादानं ते शेवटी केलं होतं. राक्षस एकही नाही. नुसती दालनं, आणि आमच्या पंख्याची घरघर, ती त्यानं खरीच रेकॉर्ड करून घातली होती. डोक्यावरचा पंखा फिरतोय की पडद्यातला, ते कळेना. खोलीत औषधाचा वास आला. दादाच्या आजारपणात यायचा तसा. मी उठून खिडकी लावून घेतली.

खेळात फिरत फिरत स्वयंपाकघरात गेलो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खरं म्हणजे काहीच दिसत नाही. चौथा मजला, बाहेर मोकळी हवा. पण तिथे खिडकीपलीकडे एक खोली होती. दिवा लावलेला. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं, डावा खांदा किंचित उतरलेला. दादाच तो. मला रडूच आलं.

त्या खोलीची वाट शोधली. एकूण एक भिंत चाचपली, दार कुठेच नाही. शेवटी नकाशा करायच्या साधनात फाइल उघडून पाहिली. खोली स्वयंपाकघराला चिकटूनच होती, फक्त दार करायचं राहून गेलं होतं. आणखी एक गोष्ट राहिली होती. या जुन्या खेळांतली माणसं म्हणजे सपाट चित्रं असतात, समोरून, बाजूनं, मागून अशी वेगवेगळी काढलेली. दादानं फक्त पाठ काढली होती.

मग आम्ही लोक करतो तेच मी केलं. दार सापडलं नाही की आमच्या हाताला खाज सुटते. मी भिंतीवर गोळी झाडली.

खिडकीतून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

लगेच भिंतीतून आवाज यायला लागला. टक... टक... या खेळांत जागा झालेला शत्रू सरळ आवाजाच्या दिशेनं निघतो, आणि वाटेत भिंत आली की तिलाच धडकत राहतो. हे मला पाठ होतं. मी संगणक बंद केला. पंखाही बंद केला. टकटक चालूच राहिली, आता आमच्या खऱ्या स्वयंपाकघरातून.

आजोबांना पुन्हा फोन लावला.

"फाइल पुसून टाक," ते म्हणाले.

"अहो, दादा आहे तो. आत अडकलाय."

"तुझा दादा कधी दार वाजवायचा का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "तो तर खालूनच हाका मारत यायचा ना..."

मी फोन ठेवला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण किती दिवस मी उशीत तोंड खुपसून ते टकटकणं ऐकायचं? भिंतीपलीकडे तो एकटा, अलीकडे मी एकटा. दादाचं काम अर्धवट ठेवायचं नाही, एवढंच मी स्वतःला सांगत राहिलो. काल दुपारी मी फाइलमधल्या त्या भिंतीत दार केलं. दोन रेघा ओढायच्या फक्त.

टकटक थांबली. स्वयंपाकघरातून पावलं आली, आणि ही खुर्ची कुरकुरली.

हो, हीच. बघू नका वळून. मघाशी तुम्हाला ती रिकामी दिसली असेल. मलाही आधी तशीच दिसली, डोळे सरावेपर्यंत. तो पाठ करून बसतो. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. तरी खोटं कशाला सांगू, काल मला किती दिवसांनी गाढ झोप लागली. कुणीतरी होतं घरात. लेख पूर्ण करायचं मनातून गेलं ते त्यामुळे.

दिवसभर तो अगदी स्वस्थ होता, बाई. पण तुम्ही येताना बेल वाजवलीत ना... दोनदा... तेव्हापासून त्याची मान हळूहळू वळते आहे.

आणि दादानं समोरचं चित्र काढलेलंच नाही.