कॅमेरा कुणाच्या हातात

हसू नका, ऐका. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय, आणि तो काही थापा मारणारा माणूस नव्हे. हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटी मोबाइलवर बघता येतील अशा करून द्यायचा त्याचा धंदा. आम्ही त्याला रिळ्याच म्हणायचो.

गेल्या डिसेंबरातली अकरा तारीख, गुरुवार. संध्याकाळी सव्वासातला एक नर्सबाई दुकानात आल्या. हातात एकच कॅसेट.

"काका, आज होईल का? आई आता कुणालाच ओळखत नाही. मलासुद्धा नाही. यात बाबांचा आवाज आहे, तो ऐकून तरी..."

रिळ्या विरघळला. "घरी जा ताई. झालं की लगेच पाठवतो."

कॅसेट तासाभराची, म्हणजे काम तासाभराचं. ती चालते तशीच कॉम्प्युटरवर उतरते, तिथं घाई चालत नाही. त्यानं कॅमेऱ्याची वायर जोडली, शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडून बसला.

पडद्यावर बैठकीची खोली. सोफ्यावर आई, चिमुरड्या नर्सबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ. कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज आला, "अरे, इकडं बघा की! फुकटचं शूटिंग, तरी लाजताय?" सगळे खिदळले. रिळ्याही हसला.

आठ वाजून वीस मिनिटांनी बाबा समोर आले आणि बायकोशेजारी बसले. कॅमेरा स्टूलावर ठेवला असेल, रिळ्याला वाटलं.

मग कॅमेरा चालायला लागला.

हळूहळू. जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर. खुर्चीला वळसा घातला. टेबलाखालून गेला. सोफ्याजवळ आला...

रिळ्याचा घास हातातच राहिला. त्यानं नर्सबाईंना फोन लावला.

"ताई, तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"आम्ही चौघंच. का हो?"

"चौघंही समोर दिसतायत. मग शूटिंग कोण करतंय?"



"काका... आणखी कुणी नव्हतंच."

पडद्यावर बाबा, मुलं हसतच होती. फक्त आईनं मान वळवली. खाली पाहिलं. थेट कॅमेऱ्यात.

"पुरे," ती कुजबुजली. "यांच्यासमोर यायचं नाही. सांगितलंय ना तुला?"

पडदा निळा. कॅसेट संपली.

 रिळ्याची मागं वळून बघायची छाती होईना. शब्द दिला होता म्हणून फाइल होती तशी पाठवली. दिवेसुद्धा न मालवता त्यानं घर गाठलं.

सकाळी सातला नर्सबाईंचा फोन.

"काका, त्यात तुमचाही आवाज आलाय. 'शूटिंग कोण करतंय?' असं विचारताय."

 फाइलमध्ये उतरतो तो कॅसेटमधलाच आवाज, वायरीतून. दुकानात माइकच नाही.

"आणि त्यावर कुणीतरी म्हणतंय... 'मी.' चांगला मोठ्या माणसाचा आवाज आहे."

"बाबांचा?"

"नाही."

नर्सबाई हळू आवाजात पुढं सांगू लागल्या.

"आई तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगतेय. मला अजूनही ओळखत नाही. पण तो आवाज ऐकला आणि..."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली... आवाज फुटला गं त्याचा."