गाणं वर जाईस्तोवर

"मॅडम, तुमच्या शाळेत पोरं किती?"

पहाडीवरच्या सपाट दगडावर मोबाइल ठेवून मंजुषा बोरकुटे आकाशाकडे तोंड करून उभी होती. मागून असा प्रश्न येईल, अशी तिची अपेक्षा नव्हती. पहाडीवर माणूस असेल, अशीच मुळात नव्हती.

"सतरा," ती दचकून म्हणाली. "काऊन?"

"नाई... तुमच्या व्हिडिओतून आवाज एकच येऊन राह्यला, म्हणून इचारलं."

बोलणारा शेजारच्या दगडावर बसला होता. नाल्यापलीकडच्या शाळेतले धनराज कोवे गुरुजी. ओळखदेख नसताना असं बोलणं हा आगाऊपणाच होता. आणि त्याचं म्हणणं खरं होतं, हा त्याहून मोठा आगाऊपणा.

त्या वर्षी प्राथमिक शाळांसाठी एक उपक्रम आला होता. दर शनिवारी मुलांकडून एक गाणं गाऊन घ्यायचं आणि त्याचा व्हिडिओ अ‍ॅपवर टाकायचा. कोणत्या शाळेचं गाणं किती वाजता आलं, हे केंद्रातल्या सगळ्या शाळांना तिथं दिसायचं. मुलं आनंदानं गातात की नाही हे तपासायला सात रकाने होते. आनंद पाचव्या रकान्यात होता, गणवेशानंतर.

आता भामरागडपलीकडच्या या गावांत रेंज नव्हती. ती फक्त पहाडीवर मिळायची, आणि पहाडीवरही फक्त दोन दगडांवर. शाळा दोन, दगड दोन. ठरवून केलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं.

मंजुषाची अडचण वेगळीच होती. तिची पोरं एरवी रान डोक्यावर घेत. खिचडीची ताटं धुताना गात, नदीवर गात, एकमेकांना मारतानाही गात. पण मोबाइल समोर धरला की सतराही जण पासपोर्ट फोटोला बसल्यासारखे. मग मोबाइलमागून मॅडमच गायच्या आणि समोर सतरा तोंडं नुसती हलायची.

"तुमच्याकडं तरी काय मोठं!" ती फणकारली. त्याच्या मोबाइलवर गाणं सुरू होतं. "पोरं छान गाऊन राह्यली. पण टाळी कोण वाजवते? गाणं पुढं पळते, अन् टाळी मागून धापा टाकत येते."

"ते मीच."

"मले वाटलंच."

तो हसला. हसणं मात्र तालात होतं. तिला ते आवडलं नाही. म्हणजे... आवडलं, आणि ते आवडलं हेच आवडलं नाही.

एक व्हिडिओ वर जायला चाळीस मिनिटं लागत. चाळीस मिनिटांत दोन गुरुजन किती गप्प बसतील? तिसऱ्या शनिवारी तिला कळलं, तो गोंडपिपरीचा. चौथ्या शनिवारी त्याला कळलं, तिला दुपारी चहा लागतो. पाचव्या शनिवारी तो थर्मास घेऊन आला आणि म्हणाला, "आईनं देल्ला होता, पडून होता." थर्मासवर किमतीचं लेबल तसंच होतं.

पोरांना गातं करायची युक्तीही त्यानंच सांगितली. मोबाइल लपवा. तिनं तो ताटं धुवायच्या जागी, उलट्या बादलीखाली ठेवून दिला. पडद्यावर आला काळोख. पण आवाज! ताटांचा खडखडाट आणि त्यावर सतरा गळे:

"बेडूक निघाला बाजाराले,
पिशवी नाई, पैसा नाई..."

मध्येच कोणीतरी बेडकाऐवजी मॅडमला बाजारात पाठवलं आणि सगळी खिदळली.

दोघं एकाच दगडावर वाकून ऐकत होते. वारा होता, म्हणून आणखी वाकले.

"हे पाठवू नका," तो हळूच म्हणाला.

"काऊन?"

"विद्यार्थी दिसत नाई म्हणतील. हे आपल्याजवळच ठेवा."

आपल्याजवळ म्हणजे कोणाजवळ, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. मग आठवडाभर फळ्यावर पाढे लिहिताना ती स्वतःलाच विचारत राहिली. साताच्या पाढ्यात दोनदा चुकली.

डिसेंबरात मंजुषाच्या शाळेच्या गावात टॉवर सुरू झाला. गावानं नारळ फोडला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईनं सिरोंच्याला दिलेल्या लेकीचं तोंड मोबाइलवर बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. सगळं गाव खूश होतं. एकट्या मंजुषाला वाटलं, कोणीतरी आपलं काही उचलून नेलं.

त्या शनिवारी साडेदहालाच गाणं गेलं. घरून, दोन मिनिटांत. आता ती मोकळी होती. ती उठली, बसली, धुतलेली घागर पुन्हा धुतली, दोनदा वेणी घातली आणि एकदा सोडली. पावणेदोनला तिनं चपला घातल्या.

"मॅडम, टावर त इथी आला," बायनाबाई म्हणाली. "मंग तुमी कुठी चालल्या?"

"पहाडीवर. तिथं... हवा चांगली असते."

"हवा त इथीबी हाय. तिथली मोटरसायकलवर येते, एवढाच फरक."

असे तीन शनिवार गेले. ती मोबाइल पालथा ठेवून बसायची.

"किती टक्के?" तो विचारायचा.

"बारा. तुमचं?"

"नऊ."

चौथ्या शनिवारी तो आधीच येऊन थांबला होता. दगडावर न बसता येरझाऱ्या घालत होता. त्यानं एक कागद पुढं केला. कारणे दाखवा नोटीस. सलग सहा शनिवार व्हिडिओ अप्राप्त, तीन दिवसांत लेखी खुलासा न आल्यास कारवाई.

"सहा?" मंजुषा ओरडली. "अहो, तुमचं त दर वेळी नव्वदपर्यंत जाते!"

"जाते. नव्वदले मीच बंद करतो."

"कशाले?"

"शंभर झालं का खाली उतरा लागते नं..."

खाली कुठंतरी कुऱ्हाडीचा ठोका पडत होता. तिला तो आपल्याच छातीत पडल्यासारखा वाटला. म्हणून ती चिडली.

"मले तरी सांगाचं! नोकरीचा प्रश्न हाय."

"तुम्ही कुठं सांगतलं? तुमचं गाणं दर शनिवारी साडेदहाले अ‍ॅपवर दिसते. मी इथी बसून पाह्यतो. मंग तुम्ही दोनले येता, अन् बारा टक्के म्हणता."

मंजुषाचे कान तापले. वेळ दिसते, हे ती साफ विसरली होती. वर्गात ती मुलांना खोटं बोलू नये हे कृतीसह शिकवायची.

"आता... कारण काय लिहू?" त्यानं विचारलं.

"खरं लिहा."

"खरं?"

"मले वाचाचं हाय."

त्यानं पेन काढलं. बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कागद दिला आणि नाल्याकडे बघत उभा राहिला.

"उपरोक्त विषयान्वये खुलासा सादर करतो की, सदर सहाही शनिवारी रेंज पुरेशी होती. व्हिडिओ पूर्ण गेला असता तर श्रीमती बोरकुटे मॅडम घरी गेल्या असत्या, करिता पाठविला नाही. सदर चूक पुढेही होण्याची दाट शक्यता आहे."

तिनं तो दोनदा वाचला. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"अवो, तो कार्यालयात द्याचा हाय!"

"हा नाई. तिथं तब्येतीचं लिहा. अन् पुढच्या रविवारी ब्रह्मपुरीले आमच्या घरी या. बाबाही कारण इचारतील."

"त्यायले हाच दाखवू?"

"त्यायले लेखी चालत नाई. तोंडी सांगा लागते. पण पहिले नोकरी इचारतील. म्हणून आधी ती सहाही गाणी पाठवा. पूर्ण शंभर."

"सहाही? मॅडम, अंधार पडंल."

"म्हणून त लवकर सुरू करा," मंजुषा म्हणाली. आणि आपला दगड सोडून त्याच्या दगडावर, सकाळपासून पहिल्यांदाच, स्वस्थ बसली.